‘वॉक-ऑन’ला मराठी शब्द: उमेदवारी

प्रश्न असा आहे: अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या बातम्यांत एखादा बचावपटू ‘वॉक-ऑन’ म्हणून आला आणि पुढे चमकला असे वाचायला मिळते. या ‘वॉक-ऑन’ला मराठीत ‘राखीव खेळाडू’ म्हणावे का?

म्हणू नये. राखीव म्हणजे ऐनवेळी मैदानात उतरवायला बाजूला ठेवलेला. ‘वॉक-ऑन’चा संबंध खेळायला मिळण्याशी नाही, शिष्यवृत्तीशी आहे. तिथल्या वरच्या गटातील विद्यापीठांना फुटबॉलसाठी अनेक वर्षे 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. ती 2025 मध्ये उठली आणि संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. शिष्यवृत्ती नसतानाही जो संघात येतो, तोच सराव, तोच व्यायाम करतो, तो वॉक-ऑन.

‘आगंतुक’ हा पर्यायही कोणी सुचवतात. पण त्यात नकोसा पाहुणा डोकावतो, आणि अनेक वॉक-ऑन तर प्रशिक्षकांनीच बोलावलेले असतात. ‘बिनशिष्यवृत्तीचा खेळाडू’ अचूक आहे, पण रुक्ष. त्यात फक्त काय नाही तेवढेच कळते, तो मुलगा कशाच्या भरवशावर राबतोय ते कळत नाही.

मला इथे आपला जुना ‘उमेदवारी’ हा शब्द फार आवडतो. निवडणुकीने तो पळवला, पण पूर्वी कचेरीत किंवा वकिलाकडे पुढे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी काम करण्याला ‘उमेदवारी करणे’ म्हणत. मूळ फारसी ‘उमेद’, म्हणजे आशा. कारखान्यांच्या जाहिरातींतला ‘शिकाऊ उमेदवार’ त्याच घराण्यातला, फक्त त्याला विद्यावेतन मिळते.

कार्ल नासिबचे उदाहरण घ्या. हा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाला खेळणारा खेळाडू, 2011 मध्ये पेन स्टेट विद्यापीठाच्या संघात वॉक-ऑन म्हणून आला. शिष्यवृत्ती नंतर मिळाली. 2015 च्या हंगामात त्याने साडेपंधरा सॅक केले, म्हणजे प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला (आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) चेंडू फेकण्याआधीच मागे गाठून पाडले. त्या वर्षी देशात त्याच्याइतके सॅक कोणाचेच नव्हते. कॉलेज फुटबॉलमधला मानाचा लोम्बार्डी पुरस्कार मिळाला आणि 2016 मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत घेतले. ‘राखीव खेळाडू ते लोम्बार्डी’ असे लिहिले तर अर्थच बदलतो. ‘पेन स्टेटमध्ये उमेदवारीवर आलेला नासिब’ लिहा, सारे नीट बसते.

एक पथ्य मात्र पाळावे. नुसते ‘उमेदवार खेळाडू’ लिहिले तर वाचकाला निवड चाचणीला आलेला मुलगा वाटेल. म्हणून ‘उमेदवारीवर आलेला’ किंवा ‘उमेदवारी करून वर आलेला’ असा क्रियापदासह वापर करावा, आणि पहिल्या उल्लेखात ‘शिष्यवृत्तीविना’ जोडावे. शिष्यवृत्ती मिळाली की उमेदवारी संपते, हेही त्यातून आपोआप कळते. अर्कान्सास विद्यापीठात स्वतः वॉक-ऑन म्हणून आलेल्या ब्रँडन बर्ल्सवर्थ या खेळाडूच्या नावाने 2010 पासून एक करंडक दिला जातो. त्याचे वर्णन मी असे करेन: शिष्यवृत्तीविना उमेदवारीवर सुरुवात केलेल्या खेळाडूंपैकी सर्वोत्तमाला मिळणारा करंडक.