पाळणा लांबवण्याची औषधे आणि झालेली इजा : वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

मागील लेखात गर्भनिरोधक गोळ्या आणि इंजेक्शने यांचा ओझरता उल्लेख आला होता, आणि त्यावर अनेक भगिनींनी पत्रे पाठवली. बहुतेक पत्रांत एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत आहे : ‘आम्हाला आधी कोणी सांगितलेच नाही.’ त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. नावे आणि गावे गाळली आहेत.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात राहते, वय ३४. तालुक्याच्या गावी एका खासगी डॉक्टरांनी मला गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या. रक्तदाब मोजला नाही, माझ्या जुन्या डोकेदुखीबद्दल विचारले नाही. पाच महिन्यांनी डावा पाय सुजला आणि नागपुरात शिरेत रक्ताची गुठळी असल्याचे निघाले. सोयाबीन विकून आलेले सगळे पैसे उपचारात गेले. डॉक्टर म्हणतात, ‘असा त्रास कोणालाही होऊ शकतो.’ मला भरपाई मागता येईल का?

ताई, डॉक्टरांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) असलेल्या गोळ्यांमुळे शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, तो थोड्याच स्त्रियांच्या वाट्याला येतो, आणि केवळ ज्ञात दुष्परिणाम झाला एवढ्या कारणावरून कोणतेही न्यायालय भरपाई देत नाही. परंतु हा धोका ज्ञात आहे म्हणूनच डॉक्टरांवर काही कर्तव्ये येतात. रक्तदाब पाहणे, पूर्वी स्वतःला किंवा घरात कोणाला गुठळी झाली होती का हे विचारणे, डोकेदुखीच्या आधी डोळ्यांपुढे चमक येते का हे विचारणे, आणि पाय सुजला, छातीत दुखले किंवा दम लागला तर गोळी थांबवून तत्काळ यावे असे सांगणे, ही ती कर्तव्ये होत. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि दुसरे पर्याय समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून आपल्या तक्रारीचा गाभा ‘गोळीने गुठळी झाली’ हा नसावा. ‘विचारले नाही, मोजले नाही, सांगितले नाही, आणि त्यामुळे टाळता येण्याजोगी इजा झाली’ हा असावा.

डॉक्टरांना आपण शुल्क दिलेले असल्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कारण नव्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. आयोगाची अधिकारमर्यादा आपण मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. तो पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्कही लागत नाही.

मुदत दोन वर्षांची आहे, आणि येथे मला आपणास कळकळीने सांगायचे आहे की थांबू नका. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात १९९३ च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेले कापड २००२ मध्ये निघाले आणि तक्रार २००४ मध्ये झाली. एवढी वर्षे दुखत असताना तपासणी का केली नाही, असे विचारून न्यायालयाने ती तक्रार मुदतबाह्य ठरवली. दुखणे अंगावर काढणे ही आपल्याकडील बायांची सवय आहे, आणि कायदा त्या सवयीची कदर करीत नाही.

कागदांबद्दल विस्ताराने लिहिते, कारण बहुतेक प्रकरणे तेथेच अडतात. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून नागपूरची सगळी बिले काढून टेबलावर मांडली, पण गोळ्या लिहून दिलेली मूळ चिठ्ठी चुलीत गेली होती. ती गोळी कोणी दिली हे सिद्ध करण्यातच आमचे कित्येक महिने गेले. आपण ती चिठ्ठी, गोळ्यांचे रिकामे पाकीट, मेडिकलचे बिल, पायाच्या सोनोग्राफीचा अहवाल आणि सुटीचे कार्ड एकत्र ठेवा. रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचाराच्या नोंदी देणे हे डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. नागपूरच्या डॉक्टरांकडून गुठळीच्या संभाव्य कारणाविषयी लेखी मत मिळाले तर फार उपयोग होईल. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत हवेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच म्हटले आहे. तथापि आपल्या प्रकरणात कारणाचा प्रश्न वैद्यकीय असल्यामुळे ते मिळवावे असे माझे मत आहे.

गोळ्या बनवणाऱ्या कंपनीविरुद्धही याच कायद्यात उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष मालाने झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडून मागण्याची, तरतूद आहे, पण पाकिटातील माहितीपत्रकात गुठळीचा इशारा छापलेला असेल तर तो दावा कमकुवत ठरतो. पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी अतिशय गंभीर स्वरूपाचा निष्काळजीपणा दिसावा लागतो, असे जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये ठरले आहे, आणि त्या वाटेने आपल्या उपचाराचा खर्च भरून निघत नाही.

प्रश्न : मी मेळघाटात आशा म्हणून काम करते. गावातील एका बाईला मी सोबत नेले आणि तिला ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दिले गेले. तेव्हापासून दोन महिने तिच्या अंगावरून जात आहे, ती उठली की चक्कर येते. घरचे लोक मला बोलतात. तिला भरपाई मिळेल का, आणि माझ्यावर काही येईल का?

आधी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. कायद्याचे नंतर पाहू. २०१७ पासून सरकारी आरोग्य सेवेत आलेल्या या इंजेक्शनात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे औषध १५० मिलिग्रॅम असते आणि त्याचा परिणाम तीन महिने राहतो. गोळी थांबवता येते, दिलेले इंजेक्शन काढून घेता येत नाही. पाळी अनियमित होणे, अधूनमधून जाणे किंवा पाळीच बंद होणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत. परंतु चक्कर येईपर्यंत रक्त जाणे हे ‘होईल बरं’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. त्यावर उपचार आहेत, आणि ते देणे हे आरोग्य केंद्राचे काम आहे.

भरपाईचा मार्ग येथे वेगळा आहे. ज्या रुग्णालयात सर्वांनाच मोफत सेवा मिळते, ते ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या शांथा निकालात म्हटले आहे. काही रुग्ण पैसे देतात आणि काहींना मोफत मिळते, अशा ठिकाणी मात्र मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालये पूर्णपणे मोफत झाली. गरिबांसाठी तो निर्णय चांगलाच आहे, पण त्यामुळे उपकेंद्रातील इंजेक्शनाची तक्रार घेऊन ग्राहक आयोगात टिकणे कठीण झाले आहे. ही गोष्ट तेथे हेलपाटे घालण्यापूर्वी कळलेली बरी.

याचा अर्थ दारे बंद झाली असा नाही. हरियाणातील संत्रा नावाच्या मजूर बाईची सरकारी दवाखान्यातील नसबंदी फसली तेव्हा तिने दिवाणी दावा केला, आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरच्या निष्काळजीपणाबद्दल सरकारला जबाबदार धरून ५४,००० रुपयांची भरपाई कायम केली. सरकारविरुद्ध दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हक्काची पायमल्ली ढळढळीत असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिकाही करता येते. आणखी एक खुलासा : सरकारची कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजना नसबंदीसाठी आहे. इंजेक्शनाच्या त्रासासाठी तिचा अर्ज भरून घेणाऱ्यांवर विसंबू नका.

प्रथम तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, आणि तिचे अंतराचे कार्ड जपून ठेवावे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून (दारिद्र्यरेषेखालील असल्यास तेही नको) इंजेक्शनापूर्वीच्या तपासणीची नोंद, औषधाचा बॅच क्रमांक आणि साठा नोंदवहीची प्रत मागावी. दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही करता येते. त्यातून पैसे मिळत नाहीत, पण तक्रारीची तारीख सरकारदरबारी उमटते.

आपल्याविषयी : बाईला सोबत नेले म्हणून आपल्यावर कायदेशीर दोष येत नाही. तपासणे आणि टोचणे हे आपले काम नव्हते. मात्र ‘काहीच होत नाही, घेऊन टाक’ असे आपण सांगितले असेल, तर पुढच्या बाईला तसे सांगू नका. आज तिच्यासोबत दवाखान्यात जाऊन तिची तक्रार कागदावर उतरवून घेणाऱ्या आपणच पहिल्या व्यक्ती असू शकता.

प्रश्न : महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी येऊ नये म्हणून मेडिकलमधून दहा दिवसांच्या गोळ्या घेतल्या. चिठ्ठी नव्हती, बिलही नाही. नंतर महिनाभर खूप त्रास झाला. दुकानदारावर काही करता येईल का?

या गोळ्या साधारणपणे नॉरेथिस्टेरॉनच्या असतात. त्याही संप्रेरकाच्याच गोळ्या आहेत, पण सणावाराला आपल्याकडे त्या खडीसाखरेसारख्या वाटल्या जातात, याची मला फार काळजी वाटते. पाकिटावर शेड्यूल एचची (फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकण्याच्या औषधांची) सूचना असेल, तर चिठ्ठीशिवाय विकणे हा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचा भंग आहे. त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करावी; परवान्यावर कारवाई होऊ शकते. भरपाईसाठी खरेदीचा पुरावा लागेल. मोबाइलवरून पैसे दिले असतील तर ती नोंद चालते, रोख दिले असतील तर कठीण आहे.

प्रश्न : अमेरिकेत इंजेक्शनामुळे मेंदूत गाठ झालेल्या बायांना भरपाई मिळणार असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. नोंदणीसाठी पैसे मागतात. आपल्याला मिळेल का?

पैसे देऊ नका. तेथे डेपो-प्रोव्हेरा या इंजेक्शनाच्या (त्यात अंतरातलेच औषध असते) उत्पादकाविरुद्ध बरेच दावे दाखल झाले आहेत, हे खरे आहे. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात एक वर्षाहून अधिक काळ हे औषध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मेनिंजिओमा या गाठीचा धोका सुमारे ५.६ पट आढळला. ही गाठ मुळात दुर्मीळ असल्याने पटीचा आकडा वाचून घाबरून जाऊ नये. ते दावे तेथील कायद्याखाली, तेथील रुग्णांचे आहेत. भारतातील उपकेंद्रात घेतलेल्या इंजेक्शनासाठी त्यात वाटा मिळण्याची आशा दाखवणारा माणूस आपल्याला फसवीत आहे. अनेक वर्षे इंजेक्शन घेतलेल्या स्त्रीला सतत डोके दुखणे किंवा नजर कमी होणे असे होत असेल, तर तिने डॉक्टरांना इंजेक्शनाचा इतिहास सांगून तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : मी गोळ्या घेत होते हे सासरी माहीत नाही. तक्रार केली तर नवऱ्याची सही लागेल का? वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

सही लागत नाही. आपण सज्ञान आहात, औषध आपण घेतले, इजा आपल्याला झाली. तक्रारदार आपण एकट्याच. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा किंवा १५१०० वर फोन करावा. गुप्ततेबद्दल मात्र मी खोटा दिलासा देणार नाही : तक्रारीनंतर नोटिसा आणि तारखांची पत्रे टपालाने घरी येऊ शकतात. म्हणून पत्रव्यवहारासाठी वकिलाचा किंवा माहेरचा पत्ता द्या, आणि आदेशात नाव येऊ नये अशी विनंती पहिल्याच तारखेला लेखी करा. अर्जाला जाताना मूळ कागद देऊ नका; झेरॉक्स द्या आणि मूळ प्रती विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.