औषधाला दाद न देणारे जंतू एका पोल्ट्रीतून दुसरीत कसे जातात? हवेतून का?

हवेतून थोडंफार जातं, पंख्यांनी शेडमधली धूळ बाहेर पडते आणि शेजारची शेड अगदी जवळ असेल तर पोचतेही, पण तुम्ही विचारलंय तसं फार्म टू फार्म जे पसरतं ते जास्त करून आपणच नेऊन पोचवतो. मी राहतो कळव्याला, काम मुरबाड-शहापूर साईडच्या पोल्ट्र्यांना खाद्य आणि औषधं पुरवायचं. पक्षी उचलायला येणारी गाडी एका रात्रीत दोन-तीन फार्म करते, क्रेट तेच, त्यावर विष्ठा वाळलेली, धुतले तरी नुसता पाण्याचा फवारा, पकडणारी पोरं तीच आणि त्यांच्या चपलाही त्याच. मग उंदीर, माश्या, आणि मरतूक झाली की पक्षी पुरायचे सोडून ओढ्यात टाकणारे महाभाग.

पण लोकांचं लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे पिल्लं. स्वीडनमध्ये ब्रॉयलरना सेफालोस्पोरिन हे अँटिबायोटिक देतच नव्हते तरी त्याला न जुमानणारे ई. कोलाय, म्हणजे आतड्यातले जंतू, सापडले, माग काढला तर ते बाहेरून आणलेल्या ब्रीडर, म्हणजे पैदाशीसाठीच्या पिल्लांसोबत आले होते. म्हणजे तुम्ही फार्मवर एक थेंब औषध वापरलं नाही तरी हॅचरीतूनच, म्हणजे पिल्लं उबवतात तिथूनच येऊ शकतं!

दुसरं, तोच जंतू नव्या शेडमध्ये टिकलाच पाहिजे असंही नाही. रेझिस्टन्सचे, म्हणजे औषधाला दाद न देण्याचे जीन बऱ्याचदा प्लास्मिडवर असतात, म्हणजे डीएनएचा छोटा गोल तुकडा, तो एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. कोलिस्टिन या अँटिबायोटिकची भानगड तीच. त्याला दाद न देणारा, प्लास्मिडवरचा एमसीआर-१ जीन २०१५ मध्ये चीनमधून रिपोर्ट झाला, डुकरांत, मांसात आणि पेशंटमध्ये पण. माणसाला दुसरं काही लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर जे काढतात ते हे औषध, आणि आपण ते खाद्यात मिसळत होतो. २०१९ मध्ये केंद्राने जनावरं-कोंबड्यांसाठी ते बंद केलं, बरं केलं.

पण औषध बंद केलं की आलेला जंतू लगेच जातो असं नाही हां, म्हणून गेटवरची शिस्त लागतेच. बॅच गेली की शेडमध्ये अंथरलेलं तूस पूर्ण काढा, धुवून सुकवून मगच जंतुनाशक मारा, घाणीवर मारून काही उपयोग नाही, आणि शेड काही दिवस रिकामी ठेवा. शेडसाठी वेगळे गमबूट ठेवा, माझ्यासारख्या सप्लायरला तर आत घेऊच नका, माल गेटवर उतरवून घ्या. जुनं तूस शेतात टाकायचं तर आधी ढीग लावून नीट कुजू द्या, सगळे जीन जात नाहीत पण बरेच जंतू उष्णतेने मरतात.