पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी चिकटू नयेत म्हणून मेलाटोनिनची गोळी चालते का?

आईची गर्भपिशवी काढायची आहे, आधीपासून मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) दिलं तर आतडी चिकटत नाहीत असं वाचलंय, सुरू करू का, असा तुमचा प्रश्न. मी जनरल सर्जन आहे. असले गुंते सोडवण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्यात. स्वतःच्या मनाने देऊ नका. पण कल्पना भंपक नाही.

आतड्यांवर पेरिटोनियमचं पातळ, ओलं अस्तर असतं. ते खरचटलं किंवा कोरडं पडलं की तिथे फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, साचतं, एकदम चिकट. एरवी शरीर ते काही दिवसांत विरघळवून टाकतं. रक्तपुरवठा कमी पडला, सूज राहिली, तर विरघळवणारं द्रव्यच अपुरं पडतं. मग त्या फायब्रिनमध्ये पेशी शिरून कोलॅजनचे चिवट धागे विणतात आणि शेजारची दोन आतडी जोडली जातात. कधी ते कोळ्याच्या जाळ्यासारखं असतं, बोटाने सारलं तरी सुटतं. कधी आतडं जुन्या टाक्याच्या रेषेला असं घट्ट बसलेलं असतं की कात्री कुठून घालावी हे बघण्यातच दहा मिनिटं जातात.

मेलाटोनिन इथे कुठून आलं? १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या आरोन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञांनी ते गाई-बैलांच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथींतून वेगळं केलं. शोधत होते कातडीचा रंग बदलणारं द्रव्य! ते अँटिऑक्सिडंट आहे हे पुढे कळलं. दुखावलेल्या जागी सुटणारे, पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल्स ते टिपून घेतं. उंदरांचं पोट उघडून, आतून मुद्दाम घासून, मेलाटोनिन देऊन पाहिलं, तर चिकटणं कमी झालं. पण उंदराला झालेली जखम मापून केलेली असते. तुमच्या आईसाठी या कामाचा ठरलेला डोस नाही, आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. झोपेसाठी आधीच घेत असतील तर भूलतज्ज्ञांना सांगा.

खरी राखण ऑपरेशन टेबलावरच होते. आतडी ओल्या मॉपखाली (ऑपरेशनच्या जाड कापडाखाली) ठेवायची, हळू हाताळायची, रक्त साचू द्यायचं नाही. पूर्वी ग्लोव्हजना स्टार्चची पावडर असायची, तीही चिकटवायची. अमेरिकेने २०१६ मध्ये असे ग्लोव्हज बंद करायचं ठरवलं त्यामागे हेही एक कारण होतं. तुमच्या सर्जनना एवढं विचारा: दुर्बिणीतून होईल का? आतडी चिकटू नयेत म्हणून मध्ये ठेवायचा विरघळणारा पडदा आईच्या बाबतीत उपयोगी आहे का?

आणि एक, चिकटलेल्या आतड्यांचा त्रास ऑपरेशननंतर वर्षांनीही होतो. पोटात कळा, फुगारा, उलट्या, शौच आणि वाराही बंद, असं झालं तर ‘गॅस झालाय’ म्हणून एरंडेल पाजू नका. माझ्याकडे आलेल्या एका मावशींना घरच्यांनी दोन दिवस तेच पाजलं होतं. सरळ हॉस्पिटल गाठा, जुन्या ऑपरेशनचे कागद घेऊन.