बोस्टन फर्नचा कोणता प्रकार घरात लावावा आणि कोणता बागेत?

बैठकीच्या खोलीत एक आणि बागेतल्या सावलीत काही, असे बोस्टन फर्न तुम्हाला लावायचे आहेत. नर्सरीत चार-पाच प्रकार बघून गोंधळ झाला, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर पानाच्या नक्षीवर भुलू नका, आधी जागेचा उजेड आणि हवेतला ओलावा बघा. पान जितकं बारीक कातरलेलं, तितके त्या झाडाचे लाड जास्त.

खोलीत एसी चालत असेल किंवा हवा कोरडी असेल तर 'डॅलस' घ्या. मूळ बोस्टनपेक्षा आकाराने बराच लहान, कमी उजेड आणि कोरडी हवा त्याच्यापेक्षा बरी सोसतो, पानगळही कमी. मूळ बोस्टनची, म्हणजे 'बोस्टोनिएन्सिस'ची, पानं सहज तीन फुटांची होऊन चहूबाजूंनी खाली झुकतात. टांगत्या कुंडीत किंवा उंच स्टँडवर तो राजासारखा दिसतो. टेबलावर ठेवलात तर टेबल त्याचंच होतं.

'फ्लफी रफल्स' दिसायला सगळ्यांत देखणा, म्हणूनच सगळ्यांत जास्त वाया जाणारा. दाट चुण्यांत पाणी अडकून आतली पानं सडतात आणि हवा कोरडी झाली की टोकं तपकिरी होतात. घ्यायचाच असेल तर पाणी पानांवरून न ओतता कुंडीच्या कडेने मातीत घाला. 'टायगर'च्या पानांवर पिवळट-हिरवे पट्टे असतात. त्याला खिडकीजवळचा, पण थेट उन्हाचा नसलेला भरपूर उजेड हवा.

'फ्लफी रफल्स'मधून कधीकधी एखादं साधं, लांब पान निघतं. तो रोग नव्हे. मुळात बोस्टन फर्न हाच अपघाताने मिळालेला वाण आहे: १८९४ च्या सुमारास फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या फर्नच्या रोपांत एक वेगळं, झुकत्या पानांचं रोप आढळलं. पुढचे बरेचसे वाण त्याच्यातच आपोआप झालेल्या बदलांतून निवडलेले, त्यामुळे ते अधूनमधून मूळ रूपाकडे वळतात. असं पान दिसलं की बुडापासून कापा. ठेवलंत तर जोमदार साधी पानंच हळूहळू कुंडी व्यापतात. नवं रोपही गड्डा विभागून किंवा धावत्या फांदीला फुटलेलं पिल्लू वेगळं करूनच करा.

बागेत झाडाखालची गाळीव सावली, ओलसर पण निचरा होणारी माती आणि कडाक्याची थंडी नसणं, एवढं असेल तर मूळ बोस्टनच उत्तम. सकाळचं ऊन येणाऱ्या जागी मात्र 'किंबर्ली क्वीन' लावा. ती खरं तर याच कुळातली वेगळी जात. पानं ताठ उभी राहतात, ऊन आणि कोरडी हवा जास्त सोसते, कचराही कमी करते. दारापाशी दोन बाजूंना दोन कुंड्या ठेवायच्या असतील तर मी डोळे झाकून हीच घेईन. 'माचो'ची पानं चार फुटांच्याही पुढे जातात, तेव्हा त्याला मोठं अंगणच हवं.

एक सावधगिरी. बोस्टन म्हणून पुष्कळदा 'कॉर्डिफोलिया' ही याच कुळातली दुसरी जात विकली जाते. कुंडीतून गड्डा जरा उचलून बघा, मुळांना गोल गाठी दिसल्या तर ती तीच. वाईट नाही, पण जमिनीत लावली की वाट्टेल तशी पसरते. फ्लोरिडात तिची गणना आक्रमक परक्या वनस्पतींत होते, आणि गंमत म्हणजे बोस्टन फर्नची मूळ जात तिथलीच स्थानिक. कॉर्डिफोलिया कुंडीतच ठेवा.

घेताना पान उलटं करून बघा. कडेने ओळीत, सारख्या अंतरावर तपकिरी ठिपके असतील तर ते बीजाणू, म्हणजे फर्नच्या बियांसारखे कण, घाबरू नका. ठिपके वेडेवाकडे, देठावरही असतील आणि नखाने खरवडल्यावर निघत असतील तर ती खवले कीड. ते रोप तिथंच ठेवा. घरात मांजर-कुत्रं असेल तरी काळजी नको, बोस्टन फर्न त्यांना विषारी नाही.