सायकलच्या कार्बन फ्रेमवरील बाटलीच्या स्टँडचा बोल्ट जागेवरच फिरत असल्यास काय करावे?

बोल्ट आवळतही नाही आणि निघतही नाही, असे आपण लिहिले आहे. याचा अर्थ आटे गेलेले नसून बोल्ट ज्यात बसतो तो रिव्हेट नट सैल झाला आहे. कार्बनच्या नळीची भिंत पातळ असल्यामुळे तिच्यात आटे पाडत नाहीत. भोकात बहुधा ॲल्युमिनियमचा नट घालून त्याचा आतला भाग चेपून फुगवतात. ही पकड सुटली की बोल्टबरोबर नटही फिरतो.

माझ्या सायकलचे गेल्या पावसाळ्यात हेच झाले होते. पुण्याजवळचा बोपदेव घाट चढताना येणारी खुळखुळ मी दोन आठवडे चेनचीच समजत होतो. एका दुकानात ‘ड्रिल मारून नवीन नट ठोकून देतो’ असे सांगितले, तेव्हा मी सायकल उचलून सरळ घरी आणली.

प्रथम स्टँड एका हाताने बाहेरच्या बाजूला ओढून धरावा आणि त्याच वेळी ॲलन कीने (षटकोनी चावीने) बोल्ट सावकाश उलटा फिरवावा. ओढल्यामुळे नटाचा फुगीर भाग आतून भिंतीवर दाबला जातो आणि बहुतेक वेळा तेवढ्या घर्षणावर बोल्ट सुटतो. उष्णता मात्र देऊ नये, कारण तिने कार्बनचे धागे धरून ठेवणारे रेझिन मऊ पडते. बोल्ट निघाल्यावर भोकाभोवती नाण्याने हलकेच वाजवून पाहावे. मडके वाजवून घेतात तसेच हे आहे: सगळीकडे आवाज खणखणीत असून एकाच जागी बद्द येत असेल, किंवा भोकापासून निघालेली चीर नखाला लागत असेल, तर पुढचे काहीही न करता फ्रेम कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडेच न्यावी.

चीर नसेल, तर नटाची कॉलर (भोकाबाहेर दिसणारी त्याची कडा) आणि भोकाची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, सावकाश सुकणारे दोन नळ्यांचे इपॉक्सी काडीने कॉलरखाली सर्व बाजूंनी भरावे. चटकन चिकटणारा सुपरग्लू ठिसूळ असतो, तो येथे टिकत नाही. इपॉक्सीचा आणखी एक फायदा असा की, ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्यात घाम-पाणी शिरले की ॲल्युमिनियम गंजते, आणि इपॉक्सीचा थर ते पाणी अडवतो. यानंतर 5 मिमी जाडीच्या लांब बोल्टला ग्रीस लावून (नाहीतर तोही कायमचा चिकटेल!) त्यावर एक साधा नट आणि ग्रीस लावलेली चकती चढवावी व बोल्ट रिव्हेट नटात फिरवून बसवावा. मग बोल्ट ॲलन कीने स्थिर धरून वरचा नट पान्याने खाली आवळावा. त्यामुळे आतला भाग वर ओढला जाऊन पुन्हा चेपतो. हाताला विरोध जाणवताच थांबावे. आणखी अर्धा फेरा देण्याच्या मोहातच नळी तडकते.

निदान 24 तास सायकलला हात लावू नये आणि पावसाळी हवेत दोन दिवस द्यावेत. नंतर स्टँडचे बोल्ट 2 ते 3 न्यूटन-मीटर एवढेच, म्हणजे ॲलन कीची आखूड बाजू हातात धरून, आवळावेत.