रात्री आठनंतर काही खाल्लं नाही, तरी सकाळी साखर वाढलेली कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६२ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू. रात्री आठला एक भाकरी न् पालेभाजी. झोपताना साखर १३२, सकाळी चहाच्या आधी १६८. मशीन बिघडलंय, की बाबा रात्री उठून काही खातात?

बहुतेक दोन्ही नाही. बाबांवर आळ घेऊ नका. मी पंधरा वर्षं लॅबमध्ये रक्त घेतोय, सकाळी सातच्या रांगेत हे भांडण नेहमीचं. बायको म्हणते डब्यातले पेढे कमी झालेत, नवरा शपथा घेतो. पेढ्यांचं मला माहीत नाही, पण रात्रीत साखर सोडायला पेढा लागत नाही. ते काम लिव्हर करतं.

जेवण पचलं की आतड्यातलं रक्त एका मोठ्या शिरेतून आधी लिव्हरमध्ये जातं, मग बाकी शरीरात. इन्सुलिन वाढलेलं असतं, त्यामुळे लिव्हर त्यातली बरीच साखर काढून घेतं आणि ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. हा साठा साधारण शंभर ग्रॅमचा. रात्री तोच थोडाथोडा फोडून रक्तात सोडला जातो. सोडावाच लागतो, कारण मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि आपण झोपलो म्हणून तो काम थांबवत नाही. ग्लायकोजेन स्नायूंमध्ये याहून जास्त असतं, पण साखर रक्तात परत सोडायला लागणारं एन्झाइम स्नायूंकडे नसतं. त्यांचं ते त्यांनाच. लिव्हरकडचा साठा कमी झाला की ते नवी साखर तयार करतं, लॅक्टेटपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून, प्रथिनांपासून. निर्जळी एकादशी करूनही माणूस चालता-बोलता राहतो तो यामुळेच.

लिव्हर साखर सोडतं हे पहिल्यांदा दाखवलं फ्रान्सच्या क्लोद बर्नार या शास्त्रज्ञानं. साखर फक्त खाण्यातून येते, असं तेव्हा मानत. १८५५ मध्ये त्यानं कुत्र्याच्या लिव्हरमधून पाणी सोडून सोडून ते इतकं धुतलं की साखरेचा अंशही राहिला नाही. मग ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यात पुन्हा भरपूर साखर! दोन वर्षांनी त्यानं ग्लायकोजेन वेगळं काढलं.

आता बाबांकडे येऊ. लिव्हरला ‘पुरे’ सांगायचं काम इन्सुलिनचं. टाइप २ मधुमेहात लिव्हर ते नीट ऐकत नाही, गरज नसतानाही साखर सोडत राहतं. त्यात पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढतात, ते आणखी सोडायला लावतात. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः इथेच, लिव्हरवर काम करते. म्हणून बाबांची ती एक भाकरी बंद करून सकाळचा आकडा सुधारेलच असं नाही.

लिव्हरची बाकी कामं म्हणजे पित्त, अल्ब्युमिन, रक्त गोठवणारी प्रथिनं, अमोनियाचं युरियात रूपांतर, औषधांचा निचरा. दारूचा निचराही तेच करतं, आणि त्या वेळी नवी साखर बनवणं मागे पडतं. ग्लिमेपिराइडसारखी, म्हणजे शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी मधुमेहाची गोळी घेऊन रिकाम्या पोटी पिणाऱ्याची साखर रात्री धोकादायक खाली जाऊ शकते. बाबा घेत नसतील तर हे सोडून द्या.

तुम्ही एवढं करा: दोन-तीन रात्री पहाटे तीनला साखर बघा. ७० च्या खाली आली तर ते वेगळं प्रकरण आहे, डॉक्टरांना लगेच सांगा. चांगली असेल, तर झोपतानाचे, तीनचे आणि सकाळचे आकडे एका कागदावर लिहून पुढच्या भेटीला न्या. सोबत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. गोळ्या स्वतः वाढवू नका.

आणि हो, टोचण्याआधी हात साबणाने धुवा, कोरडे करा. गेल्या उन्हाळ्यात एक आजी घरच्या मशीनवर २९० आली म्हणून धावत आल्या. नातवाला आंबा कापून दिला होता, हात नुसते पदराला पुसलेले. बेसिनवर पाठवलं, पुन्हा टोचलं, १४१.