प्रार्थनेची सुरुवात करणाऱ्यास

आपण नुकतीच नियमित प्रार्थना सुरू केली आहे, तेव्हा पहिले काही महिने शब्दांची जुळवाजुळव करत बसू नका. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायातील प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, सावकाश म्हणा आणि देवाच्या इच्छेच्या ओळीशी थांबून, त्या दिवशी मनाला जे खुपत असेल, मग ते मुलाची नोकरी असो वा आईचे आजारपण, ते स्पष्टपणे सांगा. देवाच्या इच्छेवर सोपवणे म्हणजे मागणे बंद करणे, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला, म्हणजे समोर आलेले मरण, टळावा अशी उघड विनंती केली, तीही पुन्हा पुन्हा, आणि निर्णय मात्र पित्याकडेच ठेवला. प्रेषित पौलानेही शरीरातील काटा, म्हणजे सतत छळणारी एक व्यथा, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, कृपा मात्र पुरी पडली. (मंडळीत कोणी अनुत्तरित प्रार्थनेचे खापर आपल्या अल्पविश्वासावर फोडले, तर त्यांना हा काट्याचा प्रसंग ज्यात आहे तो, पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 12 वा अध्याय दाखवावा.) मन कोरडे पडले की बायबलमधील 13 वे स्तोत्र मोठ्याने वाचा, त्याची सुरुवातच तक्रारीने होते. औषधोपचार, अर्ज, अभ्यास यांपैकी काहीही प्रार्थनेच्या नावाखाली थांबवू नका.